एक जूनला जन्मलेला जिल्हा



स्मृतिव्याख्यानाला शोभेल असा विषय मी दिलेला नाही, याची मला कल्पना आहे. 'डेटाबेसमध्ये तारीख कशी ठेवावी' एवढंच मी कळवलं, तेव्हा संयोजकांचा फोन आला की याला लोक येतील का? मी म्हटलं, लोकांना एकच प्रश्न विचारू, मग बघा. तर विचारतो. शाळेच्या दाखल्यावर ज्यांची जन्मतारीख एक जून आहे त्यांनी हात वर करा. हे व्याख्यान छापलं जाईल तेव्हा वाचकाला हात दिसणार नाहीत, म्हणून सांगून ठेवतो: हात भरपूर आहेत. आता ज्यांचा जन्म खरोखर एक जूनला झाला, त्यांनीच हात वर ठेवा. बघा, सगळे खाली आले.

ही तारीख कुठून आली, हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. जून महिन्यात शाळा उघडायची. गुरुजी वाडीवस्तीवर फिरून पोरं गोळा करायचे. पोराला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावायचे. कान हाताला लागला की पोरगं सहा वर्षांचं झालं. आईला विचारलं तर ती सांगायची, 'अ‍ॅक्शनच्या सालचा हाय', म्हणजे १९४८ च्या पोलीस अ‍ॅक्शनच्या, नाहीतर 'पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी झाला, त्या साली ज्वारी लई पिकली होती.' गुरुजींसमोर प्रवेश नोंदवही उघडी. तिच्यात जन्मतारखेचा रकाना. त्या रकान्यात पोळा बसत नाही, ज्वारी बसत नाही. तिथे दिवस, महिना आणि वर्ष अशा तीनच गोष्टी चालतात. मग चालू सालातून सहा वजा करायचे आणि पुढे एक जून लिहून मोकळं व्हायचं. पहिल्याच दिवशी सहा पूर्ण, नियमात चोख.

मी गुरुजींना दोष देत नाही. दोष द्यायचाच तर रकान्याला द्यावा लागेल. 'ठाऊक नाही' किंवा 'सुमारे' असं लिहायला त्यात जागाच नव्हती. रिकामा ठेवला तर प्रवेश अडणार. मग माणूस काय करतो? रकान्याला जे चालतं ते भरतो. आज व्याख्यानभर मला हेच सांगायचं आहे, की रकाना जेवढं स्वीकारतो तेवढंच खरं ठरत जातं. कागदी वहीत हे कमी प्रमाणात होतं. संगणकात ते लाखोंच्या हिशेबात होतं, आणि तिथे शाईचा रंग किंवा समासातली टीप बघून शंका घ्यायचीही सोय राहत नाही.

या एका तारखेने पुढे काय काय केलं ते पाहा. सेवानियम असा आहे की सेवानिवृत्तीचं वय ज्या महिन्यात पूर्ण होतं, त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी माणूस निवृत्त होतो. मात्र जन्म महिन्याच्या एक तारखेचा असेल तर आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी. म्हणून आपल्या राज्यात दरवर्षी ३१ मे रोजी कार्यालयंच्या कार्यालयं ओस पडतात. हारतुरे, शाल, श्रीफळ, सगळं त्याच दिवशी. दोन जूनला जन्मलेला सहकारी मात्र ३० जूनपर्यंत खुर्चीवर. त्याला एक महिन्याचा पगार जास्त. एवढ्यावर भागत नाही. वार्षिक वेतनवाढ एक जुलैची. ३० जूनला निवृत्त होणाऱ्याने वर्षभराची सेवा पूर्ण केलेली असते, तेव्हा त्याला ती वाढ मिळाली पाहिजे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ११ एप्रिल २०२३ रोजी कर्नाटकातल्या एका प्रकरणात दिला. म्हणजे त्याचं निवृत्तिवेतनही थोडं वर सरकलं. एक जूनवाल्याची सेवा अकरा महिन्यांची, तो या निकालात बसत नाही. गुरुजींनी एक ऐवजी दोन लिहिलं असतं तर! त्या काळी निवृत्तिवेतनाचा विचार करून पाटीवरच्या पोराची तारीख कोण लिहीत होतं?

आता आधारकडे या. तिथेही हाच प्रश्न आला. ज्यांच्याकडे कागद नाही, ज्यांना फक्त वय सांगता येतं, त्यांचं जन्मवर्ष वयावरून काढलं गेलं, आणि पूर्ण तारीख लागते तिथे एक जानेवारी बसली. गुरुजींचा एक जून, यंत्राची एक जानेवारी. पण आधारच्या रचनेत एक शहाणपणाची गोष्ट होती, तिची दखल घेतली पाहिजे. जन्मतारीख कागदपत्रावरून पडताळलेली आहे, माणसाने स्वतः सांगितलेली आहे की अंदाजे आहे, असे तीन प्रकार तिथे वेगळे ओळखले गेले. सुरुवातीच्या कार्डांवर तर कित्येकांचं नुसतं जन्मवर्षच छापलेलं होतं. ते जास्त प्रामाणिक होतं. नंतर ज्या ज्या कार्यालयांनी आधारवरची तारीख उचलून आपल्या यादीत टाकली, त्यांनी तारीख घेतली आणि 'अंदाजे' हा शेरा मागे टाकला. एकदा तो शेरा गळाला, की अंदाज आणि पुरावा यांत फरक उरत नाही. एस.टी.त पासष्टाव्या वर्षी अर्धं तिकीट, पंच्याहत्तरीनंतर मोफत प्रवास, श्रावणबाळ योजनेला पासष्ट, लाडक्या बहिणीला एकवीस ते पासष्ट. या सगळ्या उंबरठ्यांवर ती अंदाजाची तारीख पुराव्याच्या थाटात उभी राहते.

ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपघात-भरपाईच्या एका प्रकरणात सांगितलं, की वय ठरवायला आधार हा पुरावा धरता येणार नाही. शाळा सोडल्याचा दाखला ग्राह्य धरावा. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबरच असेल. आपल्याकडे त्याचा अर्थ एवढाच, की यंत्राच्या एक जानेवारीवर गुरुजींच्या एक जूनने मात केली.

पण त्या दाखल्याचंही कौतुक करायला हवं. त्यावर जन्मतारीख दोनदा लिहिलेली असते, अंकी आणि अक्षरी. '१-६-१९५४' आणि खाली 'एक जून एकोणीसशे चोपन्न'. एका आकड्यावर शाई सांडली, कोणी एकाचे सात केले, तरी अक्षरं साक्षीला. तारीख साठवण्याची इतकी शहाणी पद्धत फार थोड्या सॉफ्टवेअरमध्ये मी पाहिली. मी धंद्याने डेटाबेसचा माणूस. सरकारी आणि सहकारी संस्थांच्या नोंदी संगणकावर चढवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. अंकी-अक्षरीचा अक्षरी भाग आम्ही सर्वात आधी काढून टाकतो, जागा वाचते म्हणून.

*

आता थोडं मागे जाऊ. आपला परभणी जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या काळातल्या महसुली कागदांवर इसवी सन शोधून सापडत नाही. तिथे असतो फसली सन. महिने फारसी नावांचे: आजूर, दय, बहमन, इस्फंदार, फरवरदी, अर्दीबिहिश्त, खुर्दाद, तीर, अमरदाद, शहरीवर, मेहेर, आबान. वर्ष सुरू व्हायचं आजूरच्या एक तारखेला, म्हणजे साधारण सहा ऑक्टोबरला. खरीप हाती येण्याच्या वेळी नवं वर्ष. फसली म्हणजे पिकाचं साल, ते शेतसाऱ्यासाठीच काढलेलं.

हिशेब करून बघू. फसली १३५७ म्हणजे इसवी किती? कोणी वकीलसाहेब पटकन सांगतील, पाचशे नव्वद मिळवा. १९४७. ठीक. पण १३५७ हे साल ऑक्टोबर १९४७ ला सुरू होऊन ऑक्टोबर १९४८ च्या पहिल्या आठवड्यात संपलं. निजामाचं राज्य संपवणारी पोलीस अ‍ॅक्शन झाली ती आबान महिन्यात, म्हणजे त्या सालाच्या अगदी शेवटच्या महिन्यात. एखाद्या कागदावर 'आबान १३५७' असेल आणि डेटा एन्ट्री करणाऱ्या मुलाने सरसकट पाचशे नव्वद मिळवले, तर सप्टेंबर १९४७ येतो. मराठवाडा एक वर्ष आधीच मुक्त झाला! बरोबर हिशेब असा, की आजूर, दय आणि बहमनचा बहुतेक भाग यांना ५९०, आणि पुढच्या महिन्यांना ५९१. म्हणजे महिना पाहिल्याशिवाय वर्ष ठरत नाही. ज्या कागदावर नुसतंच 'सन १३५७ फ.' आहे, तिथे एकच इसवी वर्ष लिहिणं हेच चूक. तिथे '१९४७-४८' एवढंच खरं.

यात आणखी मेख आहे. फसली सन एकच नाही. अकबराने उत्तरेत तो सुरू केला तेव्हा हिजरी ९६३ हाच आकडा घेऊन पुढे सौर वर्षं मोजायला लागले. इसवी होतं १५५६. फरक ५९३. दख्खनमध्ये शहाजहानच्या काळात, हिजरी १०४६ म्हणजे १६३६ च्या सुमारास, पुन्हा तसंच केलं. फरक ५९०. मधल्या ऐंशी सौर वर्षांत चांद्र हिजरी वर्षं सुमारे साडेब्याऐंशी होतात, म्हणून दोन्ही फसलींत दोन-अडीच वर्षांची तफावत पडली. आज उत्तर प्रदेशाच्या संगणकीकृत खतौनीवर फसली साल छापतात, तामिळनाडूच्या जमाबंदीतही फसली चालतं. पण आकडा एकच असला तरी साल वेगळं. शिवाय मद्रासकडे इंग्रजांनी वर्षाचा आरंभ एक जुलैवर आणला. त्या हिशेबाने सप्टेंबर १९४८ हे १३५८ साल. नांदेडला मिळालेला तक्ता मद्रासचा आहे की हैदराबादचा, हे बघितल्याशिवाय गणित करायला बसू नये. इंटरनेटवरचे तयार परिवर्तक कुठला फसली धरतात, ते बहुतेकदा लिहीतही नाहीत.

ही नुसती विद्वत्तेची चर्चा राहिलेली नाही. ७ सप्टेंबर २०२३ रोजी राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि मराठ्यांना कुणबी दाखले देण्याच्या मागणीवरून मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत जुन्या नोंदींची शोधाशोध सुरू झाली. तहसीलच्या रेकॉर्ड रूममधले गठ्ठे सुटले. खासरा पत्रक, पाहणी पत्रक, कुळ नोंदवही, जन्म-मृत्यूचा गाव नमुना चौदा, शाळांची रजिस्टरं. लिपी कुठे मोडी, कुठे उर्दू. त्या मागणीच्या राजकारणात मी शिरत नाही. माझा प्रश्न कारकुनी आहे. ते कागद स्कॅन होतात, त्यांची यादी एक्सेलमध्ये होते, आणि यादीत पुन्हा तोच रकाना येतो: 'दिनांक'. त्यात १३२२ फसली टाईप केलं तर संगणक ते तारीख म्हणून घेत नाही. घेतलं तर इसवी १३२२ समजतो, म्हणजे यादवांच्या पडझडीनंतरची चारपाच वर्षं. म्हणून एन्ट्री करणारा आपल्या मनाने इसवी करून टाकतो. कोणत्या हिशेबाने केलं, ते कुठेच राहत नाही. दहा वर्षांनी एखाद्या वारसाच्या दाव्यात तेच साल वाद घालायला उभं राहतं, तेव्हा मूळ कागद फाटलेला असतो आणि यादी तेवढी शाबूत.

मराठवाड्यात जमिनीचा दावा लढलेल्या माणसाला १९५४-५५ चं खासरा पत्रक पाठ असतं. फसलीतून इसवीत येणाऱ्या पिढीचा तो दस्त. त्याच्या अलीकडचं पलीकडचं साल चुकलं, तर कब्जा कोणाचा होता हेच बदलतं.

*

मग संगणक तारीख ठेवतो तरी कशी? इथे मला परभणी जिल्ह्याचा थोडा अभिमान मिरवू द्या.

पडद्यावर तुम्हाला '०१/०६/१९५४' दिसतं. आत ते तसं नसतंच. आत असतो दिवसांचा एक आकडा, कुठल्यातरी ठरवलेल्या दिवसापासून मोजलेला. पोस्टग्रेस नावाचा डेटाबेस एक जानेवारी २००० पासून मोजतो. त्याच्या लेखी एक जून १९५४ म्हणजे उणे १६६५०. एक्सेल एक जानेवारी १९०० ला एक म्हणतो. त्याच्याकडे हाच दिवस १९८७६. युनिक्सची घड्याळं एक जानेवारी १९७० पासून सेकंद मोजतात. दिवस, महिना, वर्ष हा नुसता पेहराव. दाखवायच्या वेळी चढवायचा. आत आकडा असला की वजाबाकी होते, वय निघतं, क्रम लागतो.

ही कल्पना संगणकवाल्यांनी काढली असं कोणाला वाटत असेल तर पाथरीला जाऊन यावं. पाथरीचं जुनं नाव पार्थपूर. तिथल्या ज्ञानराजाने शके १४२५ मध्ये, म्हणजे १५०३ साली, 'सिद्धान्तसुंदर' हा ज्योतिषग्रंथ लिहिला. त्याचा मुलगा सूर्यदास, त्याने भास्कराचार्यांच्या 'लीलावती'वर आणि बीजगणितावर टीका लिहिल्या. पाथरीजवळच गोदेच्या उत्तर तीरावरचं गोळग्राम. तिथल्या दिवाकर दैवज्ञाच्या कुळातली मंडळी पुढे काशीला गेली आणि त्याच कुळातल्या कमलाकराने १६५८ मध्ये 'सिद्धान्ततत्त्वविवेक' पुरा केला. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ च्या आपल्या भारतीय ज्योतिषशास्त्राच्या इतिहासात या घराण्यांची नोंद केली आहे.

या सगळ्या मंडळींचं पहिलं गणित एकच असायचं: अहर्गण. कलियुगाच्या आरंभापासून, म्हणजे इसवी सनापूर्वी ३१०२ च्या फेब्रुवारीपासून, आज किती दिवस झाले ते काढा. मग ग्रह कुठे आहे ते त्रैराशिकाने निघतं. एक जून १९५४ चा अहर्गण साडेअठरा लाखांच्या जवळ जातो. आकडा मोठा झाला की हाताने गुणाकार करताना चूक होते. त्यावर तोड काढली कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञाने. १५२० च्या 'ग्रहलाघवा'त त्याने शके १४४२ हा नवा आरंभ धरला आणि ४०१६ दिवसांचं एक चक्र केलं. पूर्ण झालेली चक्रं बाजूला ठेवायची, हातात राहणारा आकडा कायम ४०१६ च्या आत. गोळग्रामचा दिवाकर या गणेशाचाच शिष्य. आकडा पात्राबाहेर सांडू नये याची चिंता तेव्हाही होती. ती न केल्यामुळे आज काय वाढून ठेवलंय, तेही सांगतो: बत्तीस बिटांत सेकंद मोजणारी जी जुनी यंत्रं अजून चालू आहेत, त्यांचा आकडा १९ जानेवारी २०३८ रोजी, आपल्या घड्याळात सकाळी आठ वाजून चव्वेचाळीस मिनिटं सात सेकंदांनी भरतो. पुढच्या सेकंदाला ती डिसेंबर १९०१ मध्ये जाऊन पडतात.

आपल्या ज्योतिष्यांना आणखी एक गोष्ट कळत होती. तिथीने दिवस मोजता येत नाहीत. तिथीचा क्षय होतो, वृद्धी होते, अधिक महिना येतो. एकाच नावाची तिथी दोन सूर्योदयांना असू शकते, एखादी कुठल्याच सूर्योदयाला सापडत नाही. म्हणून पंचांग लोकांसाठी, अहर्गण गणितासाठी. दाखवायचं रूप वेगळं, साठवायचं वेगळं. तारखेच्या डेटाबेसचा पहिला नियम एवढाच आहे, आणि तो इथून जवळच पाचशे वर्षांपूर्वी पाळला जात होता.

*

आता हा नियम मोडल्यावर काय होतं ते चटकन सांगतो, कारण यातलं बरंचसं तुम्ही रोज भोगता.

तारीख नुसता मजकूर म्हणून टाईप केली, तर क्रम लावताना संगणक डावीकडून वाचतो. '०१/०६/१९५४' हे '०२/०१/१९४०' च्या आधी येतं. ज्येष्ठता यादी उलटीपालटी. त्यात कोणी देवनागरी आकडे टाकले, कोणी इंग्रजी, कोणी ठिपके दिले, कोणी तिरक्या रेघा. अमेरिकेत महिना आधी लिहितात. त्या पद्धतीवर बसवलेल्या संगणकाला '०१/०६' दिला की तो सहा जानेवारी समजतो आणि काही बोलत नाही. '१३/०६' दिला की मात्र तेरावा महिना नाही म्हणून अडतो किंवा तो मजकूर समजून सोडून देतो. म्हणजे एकाच रकान्यात महिन्याच्या पहिल्या बारा तारखा चुकीच्या आणि उरलेल्या तारखाच नव्हेत! चूक अशी गुपचूप झाली की ती सापडायला वर्षं लागतात. वर्ष-महिना-दिवस, '१९५४-०६-०१', या क्रमाने लिहावं, असं आंतरराष्ट्रीय मानक १९८८ पासून आहे. त्या क्रमाने लिहिलेला मजकूरसुद्धा बिनचूक क्रमात लागतो.

वर्षाचे दोनच आकडे लिहायची सवय आपल्याकडे अजून गेलेली नाही. '५४' लिहिलं तर मायएसक्यूएल हा डेटाबेस ०० ते ६९ ला दोन हजारांच्या शतकात ढकलतो. आपला एक जूनवाला २०५४ साली जन्माला यायचा आहे. त्याचं वय उणे येतं, आणि उणे वयाच्या माणसाला कुठलीही योजना लागू होत नाही.

एक चूक मात्र सावकाश दाखवण्यासारखी आहे, कारण ती शिकलेल्यांकडून होते. जन्मतारखेला वेळ नसते. पण प्रोग्रॅम लिहिणारा ती तारीख-वेळेच्या रकान्यात टाकतो, तेव्हा संगणक तिला मध्यरात्रीचे शून्य तास जोडतो. एक जून १९५४, रात्री बारा, भारतीय वेळ. सर्व्हर ती जागतिक वेळेत करून ठेवतो: साडेपाच तास वजा. झाली ३१ मे १९५४, संध्याकाळचे साडेसहा. पुढे कोणीतरी वेळ कापून नुसती तारीख काढली, की ३१ मे. निवृत्तीची तारीख पुन्हा मागे! त्यात युद्धकाळात, १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५, भारतातली घड्याळं आणखी एक तास पुढे होती. काही सॉफ्टवेअरला हे माहीत असतं, काहींना नसतं. दोन्हींची गाठ पडली की त्या काळात जन्मलेल्या म्हाताऱ्यांच्या तारखा एक दिवस घसरतात, बाकी कोणाच्या नाही, आणि प्रोग्रॅमर डोकं धरून बसतो.

दिवस कुठे संपतो, हा प्रश्न आपल्या शेतकऱ्याच्याही गळ्याशी आहे. हवामान खात्याचा पावसाचा दिवस मध्यरात्री संपत नाही. तो सकाळी साडेआठला संपतो. अकरा तारखेच्या रात्री ढगफुटीसारखा पाऊस झाला, सोयाबीन आडवं झालं, तर पर्जन्यमापकावर तो बारा तारखेचा पाऊस. पद्धत म्हणून ती योग्यच आहे. जगभर असंच काहीतरी धरावं लागतं. पण मंडळात चोवीस तासांत पासष्ट मिलिमीटर झाला तरच अतिवृष्टी, आणि विम्याची तक्रार २०२४ पर्यंत बहात्तर तासांत करायची. शेतकरी अर्जात अकरा लिहितो, पर्जन्यमापन केंद्राच्या तक्त्यात अकराला पाऊस नाही. दोघंही खरं बोलतात. रकान्याला नाव नुसतं 'दिनांक' दिल्यावर कोणाचा दिनांक, हे कोणी लिहिलं नाही.

तसंच पंचांगाचं. राज्य सरकारने शिवजयंतीसाठी स्वीकारलेली १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख ज्युलियन पद्धतीची आहे. इंग्रजांनी आजची ग्रेगोरियन पद्धत १७५२ साली घेतली. संगणक मात्र ग्रेगोरियन नियम मागे ताणत नेतो. त्याला त्या दिवसाचा वार विचारा, मंगळवार सांगेल. इतिहासकार शुक्रवार सांगतात, आणि तेच बरोबर. कारण ग्रेगोरियन हिशेबाने तो दिवस १ मार्च १६३० आहे. तारखेशेजारी पंचांगाचं नाव नसेल तर वार चुकतो, आणि वार चुकला की कोणीतरी दीडशहाणा उठून अस्सल पत्र बनावट ठरवतो.

*

मग करायचं काय? उपाय कठीण नाहीत, जुनेच आहेत.

कागदावर जे लिहिलं आहे ते अक्षरशः तसंच एका रकान्यात उतरवून घ्या. 'आबान १३५७ फ.' असेल तर तेच. 'पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी' असेल तर तेच. शेजारी, त्यावरून काढलेली इसवी तारीख, वर्ष-महिना-दिवस क्रमाने. तिसऱ्या रकान्यात पंचांग कोणतं: हैदराबादी फसली, शके, हिजरी, इसवी. चौथ्यात खात्री किती: दिवसापर्यंत, महिन्यापर्यंत की नुसत्या वर्षापर्यंत, आणि आधार काय. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने अशा अर्धवट तारखा लिहायची एक रीत बसवली, ती २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय मानकात आली. वर्ष अंदाजे असेल तर '१९५४~', शंका असेल तर '१९५४?', दशकच ठाऊक असेल तर '१९५X'. मायएसक्यूएलमध्येही महिना आणि दिवस शून्य ठेवून '१९५४-००-००' लिहायची सोय मुद्दाम ठेवलेली होती, अपुऱ्या जन्मतारखांसाठीच. नव्या आवृत्त्यांमध्ये ती मुळातच बंद करून येते, कारण शून्य महिना बघून प्रोग्रॅमर घाबरतात.

गंगाखेडच्या जनाबाईंचं जन्मवर्ष कोणालाच ठाऊक नाही. समाधीची तिथी परंपरेने सांगितली जाते, आषाढ वद्य त्रयोदशी, शके १२७२. उद्या कोणी संतांचा डेटाबेस केला, तर जन्माचा रकाना रिकामा सोडण्याची हिंमत त्याच्यात हवी. तिथे कोणी एक जून भरला तर मला नवल वाटणार नाही.

एक ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी जन्माचा दाखला हाच जन्मतारखेचा पुरावा ठरला आहे. त्यामुळे एक जूनची पिढी आपल्याबरोबर संपेल. पण मागची शंभर-दीडशे वर्षं आत्ता, याच चार-पाच वर्षांत, संगणकावर चढताहेत. आपल्या जिल्ह्याचं तर आणखी एक आहे. परतूर १९८१ मध्ये जालन्यात गेलं, हिंगोली १ मे १९९९ ला वेगळी झाली. तिथल्या गावांची जुनी दप्तरं कुठल्या नावाखाली चढतील, हे तारीख बघूनच ठरणार. परभणी, पाथरी, जिंतूर, सेलू, मानवत, पूर्णा, पालम, सोनपेठ, गंगाखेड, या नऊ तालुक्यांत जिथे जिथे गठ्ठे सोडून एन्ट्री चालू आहे, तिथे काम करणारी मुलं इथे बसली असतील. ठेकेदार तुम्हाला पानामागे पैसे देतो आणि तुमच्यासमोर एकच 'दिनांक' हा रकाना ठेवतो, हे मला माहीत आहे. त्याच्याकडे आणखी एका रकान्याची मागणी करा, 'मूळ नोंद जशी आहे तशी'. नाहीच दिला, तर शेऱ्याच्या रकान्यात लिहा. आणि इथल्या वकील मंडळींना, शिक्षकांना, तहसीलमधल्या अधिकाऱ्यांना विनंती, की ही मुलं मागतील तेव्हा 'वेळ जातो' म्हणून त्यांना परत पाठवू नका. मूळ कागद अजून वाचता येतो, तोवरच हे काम होणार आहे.